ऑक्टोबरात उत्तर, डिसेंबरात प्रश्न

दोन छापील तारखा समोर ठेवतो. पहिली ‘नेचर’ साप्ताहिकाच्या २९९ व्या खंडातली : २८ ऑक्टोबर १९८२, पृष्ठे ८०२-८०३. विल्यम वूटर्स आणि वोइचेख झुरेक यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध. एका सुट्या क्वांटम कणाची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, एवढेच त्यात सिद्ध केले आहे. दुसरी तारीख ‘फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स’ या मासिकाच्या बाराव्या खंडातली : डिसेंबर १९८२, पृष्ठ ११७१ पासून पुढे. लेखक निक हर्बर्ट. अशी नक्कल काढता येते असे गृहीत धरून, प्रकाशाहून वेगाने निरोप धाडणाऱ्या यंत्राचा आराखडा त्यात मांडला आहे. पहिला निबंध दुसऱ्याचे खंडन आहे. म्हणजे खंडन ऑक्टोबरात आणि मंडन डिसेंबरात.

प्रकाशाहून वेगवान निरोप शक्य झाले, तर एखाद्या निरीक्षकाच्या घड्याळात कार्य आधी आणि कारण मागून असा प्रकार घडेल, असे सापेक्षता सिद्धांत सांगतो. तसल्या निरोपाचा दावा करणाऱ्या निबंधाच्या वाट्याला कागदोपत्री नेमके हेच आले, याचे हसू येते. पण तारखा उलट्या लागल्या की हसून भागत नाही. अशा वेळी एक तर कुठली तरी तारीख चुकलेली असते, नाही तर मधला एखादा कागद आपल्या नजरेस पडलेला नसतो. येथे तारखा बरोबर आहेत. मधले कागद शोधायचे आहेत.

त्याआधी मूळ दावा नीट समजून घेऊ. मी हे लिहितो आहे दवनीवाड्यात, धानाच्या बांध्यांच्या मुलखात. येथून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर. प्रकाशाला हे अंतर कापायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. फोन, तार, उपग्रह, काहीही वापरा, मुंबईचा निरोप दवनीवाड्यात त्याच्या आत पोचणे नाही. आता अशी कल्पना करा की मधल्या एका ठिकाणाहून प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनांच्या, जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतला एक मुंबईला जातो, दुसरा दवनीवाड्याला. जोडीतले फोटॉन एकमेकांत गुंतलेले आहेत. (इंग्रजीतल्या ‘एन्टँगलमेंट’साठी ‘गुंतवणूक’ हा शब्द चपखल बसला असता, पण तो शेअर बाजाराने आधीच नेला. मी ‘गुंता’ म्हणतो.) दोन्ही ठिकाणी फोटॉनाचे ध्रुवण आडवे की उभे असे तपासले, तर उत्तरे दर वेळी जुळतात. दोन्हीकडे गोल ध्रुवणाचा, म्हणजे डावे की उजवे असा प्रश्न विचारला, तरी जुळतात. १५ मे १९३५ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी ज्या जातीच्या जोडीवर बोट ठेवले, ती हीच. आणि ही उत्तरे दोघांनी आधीच गुपचूप ठरवून आणलेली असतात, असे म्हणून सुटका होत नाही, हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवले.

मग निरोप का जात नाही? दवनीवाड्याची वही उघडून पाहू. तीत ओळीने असे काही लिहिलेले असेल : आडवा, उभा, उभा, आडवा, उभा, आडवा, आडवा, उभा. नाणेफेकीच्या नोंदवहीसारखी वही. मुंबईकराने त्याच्याकडे आडवे-उभे मोजले, गोल मोजले किंवा काहीच न मोजता तो चहाला गेला, तरी दवनीवाड्याच्या वहीत निम्मे आडवे आणि निम्मे उभेच येणार. जुळणी दिसते ती मुंबईची वही शेजारी ठेवल्यावर. आणि ती वही येणार रेल्वेने, टपालाने, फार तर फोनवरून. प्रकाशाच्या आत नाहीच.

हर्बर्टने बोट ठेवले ते या वहीच्या दुबळेपणावर. बर्कलीच्या ‘फंडामेंटल फिजिक्स ग्रुप’ या भौतिकशास्त्रज्ञांच्या हौशी मंडळात त्याची ऊठबस होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या मंडळाचा इतिहास डेव्हिड कायझर यांनी २०११ च्या पुस्तकात सविस्तर लिहिला आहे. हर्बर्टचा युक्तिवाद असा. मुंबईकराने गोल मोजले, तर माझा फोटॉन त्याच क्षणी गोल ध्रुवणाचा होतो. आडवे-उभे मोजले, तर आडवा किंवा उभा होतो. हा फरक एका फोटॉनावरून मला ओळखता येत नाही, कारण एका फोटॉनाला एकच प्रश्न विचारता येतो. पण त्या एकाचे शेकडो केले तर? लेझरच्या नळीत उत्तेजित अणू असतात. एक फोटॉन आत गेला की तशाच ध्रुवणाचे आणखी फोटॉन बाहेर पडतात. त्या घोळक्याचे दोन भाग करायचे. अर्ध्यांना आडवे-उभेचा प्रश्न, अर्ध्यांना डावे-उजवेचा. ज्या प्रश्नाला सगळे एकमुखाने उत्तर देतील, तो मुंबईकराने निवडलेला प्रश्न. त्याने ‘गोल’ म्हणजे ‘हो’ आणि ‘आडवे-उभे’ म्हणजे ‘नाही’ असे आधी ठरवून ठेवले असेल, तर निरोप पोचला. यंत्राचे नाव ‘फ्लॅश’. हे इंग्रजी आद्याक्षरांचे जोडनाव, त्याचा अर्थ साधारणपणे ‘लेझरने वर्धित केलेली पहिली प्रकाशातीत जोडणी’.

या आराखड्यात ढोबळ चूक दिसत नाही, हे कबूल करायला हवे. लेझर तसाच चालतो. गुंता खरा आहे. मग बिघडले कुठे?

वूटर्स-झुरेक यांचे उत्तर शाळेच्या फळ्यावर मावते. आडव्या ध्रुवणाला ‘आ’ म्हणू, उभ्याला ‘उ’. नक्कल काढणारे यंत्र ‘आ’ घालताच ‘आआ’ देते, ‘उ’ घालताच ‘उउ’ देते. येथवर ठीक. गोल ध्रुवण म्हणजे या दोहोंचेच एक ठरावीक मिश्रण. गुणक बाजूला ठेवून ‘आ + उ’ लिहू. क्वांटम यामिकीचा पायाभूत नियम असा की मिश्रणाचे जे होते ते घटकांचे जे होते त्याचेच मिश्रण असते. याला रेषीयता म्हणतात. तेव्हा ‘आ + उ’ आत घातल्यावर यंत्रातून ‘आआ + उउ’ बाहेर येणार. पण खरी नक्कल हवी असेल तर ‘आ + उ’ ची दोनदा मांडणी हवी : आआ + आउ + उआ + उउ. मधली दोन पदे गायब आहेत. बेरजेचा वर्ग करताना मधले ‘दोन अब’ विसरणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो आणि गुरुजी त्याच्या वहीत लाल रेघ ओढतात. हर्बर्टच्या यंत्राने निसर्गाकडून नेमकी हीच चूक करून घ्यायची होती. सातबाराची नक्कल तलाठी देतो, कारण त्यावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येते. अनोळखी क्वांटम स्थिती वाचल्याशिवाय तिची नक्कल निघत नाही, आणि वाचली की ती मूळची राहत नाही.

आता कागदांकडे. हर्बर्टच्या छापील निबंधावर मासिकाकडे पोचल्याची नोंद जानेवारी १९८२ ची आहे. तेवढ्यावर विसंबले तर गोष्ट सरळ लागते : निबंध जानेवारीत आला, हस्तलिखिताच्या प्रती ओळखीच्या लोकांत फिरल्या, ऑस्टिनला जॉन व्हीलर यांच्या भोवतालच्या तरुणांनी त्या पाहिल्या, उत्तर लिहिले, आणि साप्ताहिक मासिकापेक्षा चपळ असल्यामुळे उत्तर आधी छापले गेले. त्या काळात छपाईआधी हस्तलिखिते फिरवणे हा रिवाजच होता. ऑक्टोबर-डिसेंबरचा उलटा क्रम एवढ्याने उलगडतो.

पण या सरळ गोष्टीत न बसणारा एक कागद आहे. इटलीत त्रिएस्तचे जानकार्लो गिरार्दी यांनी ‘फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स’साठी लिहिलेला परीक्षण-अहवाल. तेव्हा परीक्षकांची नावे गुप्त असत, अहवाल छापले जात नसत. हा गिरार्दींनी पुढे स्वतः उघड केला. त्याचा महिना एप्रिल १९८१.

जानेवारी १९८२ मध्ये ‘पोचलेल्या’ निबंधाचे परीक्षण एप्रिल १९८१ मध्ये कसे? दुसऱ्यांदा घड्याळ उलटे. येथे माझा तर्क असा, आणि तो तर्कच समजावा : निबंध १९८१ च्या आरंभीच संपादक आल्विन व्हान डर मर्व्ह यांच्याकडे होता, आणि छापील नोंद सुधारित प्रतीची आहे. नियतकालिके कित्येकदा शेवटच्या प्रतीचीच तारीख धरतात. जुन्या दप्तरांत काम केलेल्याला हे नवे नाही. पत्र लिहिल्याची मिती वेगळी, पोचल्याची वेगळी, कारकुनाने वहीत चढवल्याची तिसरीच.

गिरार्दींचे नाव येथे अचानक आलेले नाही. १९७९ मध्येच त्यांनी तुल्लिओ वेबर यांच्यासह प्रकाशातीत निरोपाच्या तेव्हाच्या सूचनांना छापील उत्तर दिले होते. १९८० मध्ये रिमिनी आणि वेबर यांच्यासह त्यांनी सर्वसाधारण सिद्धताही दिली : क्वांटम मापनातून, मग ते कुठलेही असो, निरोप जात नाही. हर्बर्टच्या निबंधाच्या शीर्षकात ‘नव्या प्रकारचे क्वांटम मापन’ हे शब्द आहेत. ते या सिद्धतेला वळसा घालण्यासाठी होते असे मला वाटते. तुमची सिद्धता जुन्या मापनांना लागू, माझे मापन नवे आहे, असा त्याचा सूर. एप्रिल १९८१ च्या अहवालात गिरार्दींनी त्या वळशाचीच वाट अडवली. लेझरची नळी आडवा आणि उभा दोन्ही बिनचूक वाढवत असेल, तर रेषीयतेमुळे ती गोल ध्रुवणाला तशीच वाढवू शकणार नाही. युक्तिवाद तोच, आआ + उउ. वूटर्स-झुरेकच्या दीड वर्ष आधी. अहवालाची शिफारस : छापू नये.

तरीही निबंध छापला गेला, म्हणजे दुसऱ्या पारड्यात कोणी तरी वजन टाकले असणार. कोणी, ते वीस वर्षे गुलदस्त्यात होते. ‘फोर्टश्रिटे डेर फिजिक’च्या २००३ च्या खंडात हैफाच्या आशेर पेरेस यांनी एका छोट्या लेखात स्वतःच कबुली दिली : दुसरा परीक्षक मी. हर्बर्टचा निष्कर्ष सापेक्षतेच्या विरुद्ध जातो, तेव्हा तो चूकच असणार, हे ठाऊक असूनही मी छापण्याची शिफारस केली. चूक शोधताना शास्त्र पुढे सरकेल अशी माझी अटकळ होती, असे त्यांचे म्हणणे.

या दोन साधनांना एकाच तराजूत घालता येत नाही. गिरार्दींचा अहवाल हे अस्सल पत्र आहे : घटनेच्या वेळी, कामापुरते, पुढे कोण वाचेल याची फिकीर न करता लिहिलेले. पेरेस यांचा लेख बखरीच्या अंगाने जातो : वीस वर्षांनी, शेवट ठाऊक असताना. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली तेव्हापासून मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. बखरकार खोटे बोलतो असे नव्हे; पण यश पदरात पडल्यावर आठवणीतला हेतू जरा उजळ होतो. पेरेस खरोखर चूक छापली जावी म्हणून छापा म्हणाले, की त्या वेळी चूक नेमकी कुठे आहे हे त्यांना सापडत नव्हते, म्हणून संशयाचा फायदा दिला? दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि माझा कल तिकडेच आहे. ज्याला मधली दोन पदे गायब दिसली, त्याने ‘नको’ म्हटले. पेरेस यांनी ती दिसल्याचा दावा त्या लेखातही केलेला नाही. निष्कर्ष अशक्य आहे एवढेच त्यांना पक्के होते.

पुढचे कागद भराभर येतात. २२ नोव्हेंबर १९८२ च्या ‘फिजिक्स लेटर्स ए’त नेदरलंड्सचे डेनिस डीक्स यांचा स्वतंत्र निबंध, निष्कर्ष तोच. त्याच खंडात मिलोनी आणि हार्डीज यांचा दुसरा, लेझरच्या बाजूने : उत्तेजित अणू बोलावल्याशिवायही फोटॉन सोडतात, आणि त्या आगंतुकांच्या गोंगाटाने नेमकी तेवढी भेसळ होते की निरोप बुडावा. गिरार्दी आणि वेबर यांनी आपला युक्तिवाद छापला तो १९८३ मध्ये. पण तोवर ‘नेचर’चा निबंध बाजी मारून गेला होता, आणि त्यात शीर्षकाचा वाटा मोठा. त्यातला ‘क्लोन’ हा शब्द पेरेस यांच्या लेखानुसार व्हीलर यांनी सुचवला. ‘कृष्णविवर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जगभर रूढ करणारे व्हीलर हेच. तेव्हा ही बखर मला खरी वाटते. डीक्सच्या शीर्षकात ‘क्लोन’ नव्हता. प्रमेय एकच, पण नाव लागले शब्दवाल्यांचे.

डिसेंबर १९८२ चा आणखी एक कागद जाता जाता. हर्बर्टचा निबंध ज्या महिन्यात आला, त्याच महिन्याच्या २० तारखेला ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलँ आस्पे, दालिबार आणि रोजे यांचा पॅरिसजवळचा प्रयोग छापला गेला. त्यात मापनाचे प्रश्न बदलणारी दोन साधने १२ मीटर अंतरावर होती. प्रकाशाला हे अंतर कापायला ४० नॅनोसेकंद लागतात. प्रश्न मात्र दर १० नॅनोसेकंदांनी बदलत होता. जुळणी टिकली. गुंता खरा असल्याचा बळकट पुरावा आणि त्यातून निरोप पाठवण्याचा फसलेला आराखडा एकाच महिन्यात छापून आले.

मुंबईत या प्रश्नाची दोन वेगळी टोके सापडतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह बेल यांच्या १९६४ च्या गणितातून निघालेल्या असमानतांवर सत्तरीच्या दशकापासून लिहीत होते. त्यांचा १९८९ चा ‘फिजिक्स लेटर्स ए’मधला निबंध नेमका या रेषेवर उभा आहे : पडद्याआडच्या चलांचा असा सिद्धांत शक्य आहे का, की ज्यात दूरस्थ निरोपाला बंदी आहे, पण जो प्रयोगाने तपासता येतो? गुंता वेगळा आणि निरोप वेगळा, हा भेद हर्बर्टच्या हातून निसटला होता. येथे तोच विषय झाला आहे. दुसरे टोक तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले. तेथे काम केलेले अरुण कुमार पति आणि तेव्हा वेल्समध्ये असलेले सॅम्युएल ब्रॉनस्टाइन यांनी ९ मार्च २००० च्या ‘नेचर’मध्ये वूटर्स-झुरेकची बाजू उलटून पाहिली. अनोळखी स्थितीच्या दोन सारख्या प्रती हातात असतील, तर दुसरीच्या आधाराने पहिली पुसून टाकता येते का? नाही. कारण पुन्हा रेषीयता. नक्कल मिळत नाही, आणि आधीच दोन प्रती असल्या तर त्यातली एक खोडताही येत नाही. हाही निबंध दोन पानांचा.

पेरेस यांच्या बाजूने एक कागद शिल्लक आहे, आणि तो त्यांच्या बखरीपेक्षा भरवशाचा. २९ मार्च १९९३ चा ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’. क्वांटम दूरवहनाचा मूळ निबंध, सहा लेखक. बेनेट, ब्रसार, क्रेपो, जोझा, आणि शेवटची दोन नावे : पेरेस आणि वूटर्स. ज्याने चुकीचा निबंध जाऊ दिला तो आणि ज्याने तो खोडला तो, दहा वर्षांनी एकाच शीर्षकाखाली. त्यांच्या योजनेत मुंबईतल्या फोटॉनाची स्थिती दवनीवाड्यातल्या फोटॉनावर जशीच्या तशी उतरते, पण दोन अटींवर. मुंबईतली मूळ स्थिती नष्ट होते, म्हणजे नक्कल होत नाही. आणि मुंबईकराने आपल्या मापनाचे उत्तर, दोन बिट, साध्या मार्गाने कळवावे लागते. ते दोन बिट येईपर्यंत दवनीवाड्याच्या वहीत नाणेफेकच असते. कमीत कमी २.७ मिलिसेकंद.

राहता राहिला श्रेयाचा प्रश्न. छापील तारखांनी वूटर्स-झुरेक पहिले, डीक्स जवळपास बरोबरीने; अस्सल कागदाने गिरार्दी. मी शकावली येथेच बंद केली असती. पण २०१८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये हुआन ऑर्टिगोसो यांनी एक जुना निबंध पुढे आणला. लेखक जेम्स पार्क, साल १९७०. क्वांटम यामिकीत अनोळखी स्थितीची बिनचूक नक्कल काढणारे यंत्र असू शकत नाही, याची सिद्धता त्यात आहे. हर्बर्टच्या बारा वर्षे आधी. १९८२ च्या त्या सगळ्या गदारोळात त्याची आठवण कोणी काढली नाही.

पार्कचा निबंध ज्या मासिकात आला, त्याचा तो पहिलाच खंड होता. पृष्ठे २३ ते ३३. मासिकाचे नाव ‘फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स’.